लाइव्ह सेलमधून मॉडेल रेल्वे घ्यावी का? दापोलीच्या प्रश्नाला चिपळूणहून उत्तर

दापोलीहून एकांनी विचारलं आहे: "अमेरिकेतल्या एका हॉबी शॉपचे लाइव्ह सेल मी दोन महिने पहाटे उठून बघतोय. मॉडेल रेल्वेची इंजिनं ४०-५० डॉलरला जातात. सात वर्षांचा मुलगा आहे, दोघांनी मिळून माळ्यावर लेआउट करायचा विचार आहे. अजून एकही वस्तू घेतलेली नाही. अशा शोमधून घेणं सुरक्षित आहे का? आणि माल चांगला आहे की नाही हे स्क्रीनवर कसं ओळखायचं?"

मी चिपळूणला मोटर वाइंडिंगचं दुकान चालवतो. गेली आठ वर्षं अशा लाइव्ह सेलमधून, म्हणजे दुकानदार थेट व्हिडिओवर एकेक वस्तू दाखवून विकतो त्या शोमधून, खरेदी करतोय, साठेक नग तरी झाले असतील. शिवाय रत्नागिरी, कणकवली, पणजीकडचे हौशी लोक आपली बिघडलेली इंजिनं माझ्याकडे पाठवतात. त्यामुळे दुसऱ्यांची फसलेली खरेदीही माझ्या टेबलावर येते. त्या सगळ्यावरून लिहितोय.

सुरक्षित आहे का, याचं उत्तर सोपं आहे. वर्षानुवर्षं शो करणारं, पक्की पावती देणारं, कार्डाने पैसे घेणारं दुकान असेल तर पैसे बुडण्याची भीती फार नाही. जे दाखवतात तेच बहुतेक वेळा पाठवतात. तुमची खरी अडचण वेगळी आहे. एक तर तुम्ही काय चालवणार हेच अजून ठरलेलं नाही. दुसरं, एका नगाला तिथे चाळीस-पन्नास सेकंद मिळतात. आणि तिसरं सगळ्यात मोठं: दापोलीहून अमेरिकेला वस्तू परत पाठवायचा खर्च बहुतेक वेळा त्या वस्तूपेक्षा जास्त होतो. म्हणजे दुकानाचं परतीचं धोरण कितीही उदार असो, तुमच्यापुरतं ते नाहीच असं धरा. माझं सगळं गणित या एका गोष्टीवरून सुरू होतं. परत पाठवता येणार नाही, मग यातलं काय घेणं परवडेल?

तुम्ही दापोलीचे, म्हणजे हर्णै बंदरावरचा माशांचा लिलाव बघितलाच असेल. तिथे मुरलेली बाई किंवा व्यापारी किनाऱ्यावर उतरतानाच ठरवून आलेला असतो की आज सुरमई हवी, इतकी हवी, आणि अमुक आकड्याच्या पुढे जायचं नाही. बोली सुरू झाल्यावर तो विचार करत बसत नाही. आणि बोलीआधी कल्ला उचलून बघतो. लाइव्ह सेलमध्ये ठरवून येणं आपल्या हातात आहे, कल्ला मात्र दुसऱ्याकडून उचलून घ्यावा लागतो. तो कसा, ते पुढे सांगतो.

आधी काय चालवायचं ते. हॉबीत एचओ हे माप सगळ्यात जास्त चालतं. प्रमाण १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. एन हे त्याहून लहान, १:१६०, रूळ ९ मिलिमीटरचे. ब्रिटिश गाड्या बऱ्याचदा ओओ मापाच्या असतात. त्यांचं प्रमाण १:७६ च्या आसपास, पण रूळ एचओचेच, १६.५ चे. त्यामुळे एकाच रुळावर ब्रिटिश डबा अमेरिकन डब्याशेजारी थोराड दिसतो. तीन रुळांची ओ मापाची गाडी शोमध्ये फार देखणी दिसते, पण ती आल्टरनेटिंग करंटवर चालते आणि तिला जागा खूप लागते. जर्मन मेर्कलिन कंपनीच्या एचओ गाड्यांचंही तसंच आहे. इंजिन रुळांच्या मधल्या खिळ्यांवरून वीज घेतं, करंट एसी, आणि चाकं एकमेकांपासून विजेसाठी वेगळी केलेली नसतात. दोन रुळांच्या साध्या डीसी ट्रॅकवर ते इंजिन ठेवलंत की शॉर्ट. माझ्याकडे असं एक इंजिन आलं होतं. मालकाने स्वस्तात मिळालं म्हणून घेतलेलं, इंजिन अगदी उत्तम, फक्त त्याच्या रुळांवर ते कधीच चालणार नव्हतं.

माळ्यावर किती जागा आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि बरंचसं त्यावरच अवलंबून आहे. एचओमध्ये १८ इंच त्रिज्येचं वळण म्हणजे पूर्ण फेरा घ्यायला चार फूट रुंदीची फळी लागते. त्या वळणावर चार धुऱ्यांची (चाकांच्या आसांची) इंजिनं आणि आखूड वाघिणी, म्हणजे मालडबे, मजेत फिरतात. सहा धुऱ्यांचं लांब डिझेल इंजिन आणलंत तर ते अडखळतं, २२ इंच तरी हवेत. पूर्ण लांबीचा प्रवासी डबा, म्हणजे खऱ्यातला ८५ फुटी, एचओमध्ये जवळजवळ ३० सेंटीमीटर होतो. तो १८ इंची वळणावर एक तर रुळावरून उतरेल, नाहीतर शेजारच्या डब्याला घासेल. शोमध्ये सगळ्यात जास्त बोली अशाच लांब, चकचकीत गाड्यांना लागते. म्हणून पहिला शो बघण्याआधी माळ्यावर टेप लावा, खडूने वळण आखा. जागा दोन-अडीच फूटच निघाली तर एन मापाचा विचार करा, पण मग मुलाच्या हाताचा विचारही करायला हवा. एनचे डबे रुळावर बसवायला मोठ्या माणसालाही चिकाटी लागते. सात वर्षांच्या मुलाबरोबर असाल तर मी एचओच घेईन.

आणखी एक गोष्ट बरेच जण विचारतात, तुमच्याही मनात असेल: कोकण रेल्वेची गाडी मिळेल का? परदेशी शोमध्ये नेमकी आपली गाडी मिळायची आशा धरू नका. पण नातं मात्र आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षं धावलेलं डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन मूळ अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या आराखड्यावरचं. नंतर आलेलं डब्ल्यूडीजी-४ हे ईएमडी या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचं जीटी४६एमएसी. त्यामुळे अमेरिकन डिझेलच्या मॉडेलमध्ये ओळखीचा चेहरा दिसतो, आणि काही हौशी लोक ती रंगवून आपली करतात. रुळांच्या बाबतीत थोडी तडजोड होते. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, त्याला ८७ ने भागलं तर सव्वाएकोणीस येतात, आणि एचओचा रूळ साडेसोळाचा. माझ्या डोळ्याला ते खटकत नाही. २०२२ मध्ये आपला मार्ग पूर्ण विजेवर आला, तेव्हापासून डिझेलचा तो आवाज इकडे कमी झालाय. म्हणूनही मला ती मॉडेलं जवळची वाटतात.

आता शो कसा चालतो ते. दोन प्रकार असतात. एकात भाव ठरलेला असतो आणि चॅटमध्ये जो पहिल्यांदा नगाचा क्रमांक टाकेल त्याला वस्तू मिळते. दुसऱ्यात घड्याळ लावून बोली. दोन्हींत एक अडचण आपल्याला जास्त भोवते: तुम्ही जे बघता ते काही सेकंद जुनं असतं. थेट प्रक्षेपण मुळातच उशिरा पोचतं, आणि पावसात आपल्याकडे नेटवर्क रडायला लागलं की आणखी उशिरा. मी सुरुवातीला एका शोमध्ये एक वाघीण मिळाली असं समजून खूश झालो होतो. प्रत्यक्षात माझा क्रमांक त्यांच्या पडद्यावर चौथा होता. दुसऱ्यांदा उलट झालं. मिळाली नाही असं वाटून मी तशीच दुसरी घेतली आणि दोन्ही माझ्या नावावर पडल्या. तेव्हापासून यजमान, म्हणजे शो चालवणारा माणूस, माझं नाव उच्चारत नाही तोवर मी पुढचा नग टाइप करत नाही. बोलीच्या शोमध्ये कमाल रक्कम आधी भरून ठेवायची सोय असेल तर तीच वापरा आणि शेवटच्या पाच सेकंदांच्या झटापटीत पडू नका. तिकडची जास्त जवळची माणसं तो खेळ जिंकणारच.

वेळेचंही सांगतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा रात्री आठचा शो आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला आणि त्यांच्या हिवाळ्यात साडेसहाला लागतो, कारण ते घड्याळ मागेपुढे करतात. पहाटे अर्धवट झोपेत माणूस हात सैल सोडतो. म्हणून मी आदल्या रात्रीच कागदावर लिहितो: कोणता नग, जास्तीत जास्त किती, आणि एकूण किती झाले की फोन बंद. तो कागद चहाच्या कपाखाली ठेवतो.

कल्ला उचलायचा तो असा. शोमध्ये रंग, पेटी, छापील अक्षरं छान दिसतात. इंजिनाचं आयुष्य मात्र खालच्या बाजूला असतं. चॅटमध्ये नम्रपणे लिहा: खालची बाजू दाखवाल का, आणि अगदी हळू, दोन्ही दिशांना चालवून दाखवाल का? चांगला यजमान हे करतो. घाईत असेल तर नाही करणार, मग तो नग सोडून द्या. त्यात काही हरवत नाही.

हळू चालवायला सांगायचं कारण माझ्या पहिल्या खरेदीत आहे. यजमानाने ते डिझेल इंजिन रोलरच्या स्टँडवर ठेवून भरधाव पळवलं. चाकं गरगर फिरताना बघून मी घेतलं. घरी रुळावर ठेवल्यावर प्रत्येक फेऱ्याला टक, टक, टक. धुरीवरचं प्लास्टिकचं दातेरी चाक तडकलेलं होतं. ही जुन्या इंजिनांची फार सर्रास व्याधी आहे. प्लास्टिकचं चाक लोखंडी धुरीवर दाबून बसवलेलं असतं. वर्षांनी प्लास्टिक आकसतं, धुरी काही आकसत नाही, आणि चाक एका ठिकाणी चिरतं. त्या चिरेपाशी दोन दात्यांमधलं अंतर वाढतं आणि दर फेऱ्याला तिथे गाडी ठेचकाळते. रोलरवर इंजिनाला ओढ नसते आणि मोठ्या वेगात तो आवाज मोटरच्या घरघरीत बुडून जातो. हळू, डबे जोडून, खऱ्या रुळावर चालवलं तरच ते कळतं. मला ते चाक मिळवून बसवायला दोन महिने लागले. मी मोटरचं काम करणारा म्हणून जमलं. तुम्हाला सोल्डरिंग आणि सुटे भाग उघडायची सवय आहे का, यावर तुमचं उत्तर बदलेल. नसेल तर चालू अवस्थेतली जुनी इंजिनंही सुरुवातीला टाळाच.

दुसरी व्याधी आपल्या हवेत जास्त वाईट. जुन्या आणि काही नव्या इंजिनांचा सांगाडा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो. ओतताना त्यात शिशासारखी भेसळ राहिली असेल तर धातू आतून फुगतो, त्याला केसासारख्या भेगा पडतात, सांगाडा वाकतो आणि शेवटी हातात तुकडे येतात. यावर इलाज नाही. दमट आणि उष्ण हवेत ते लवकर होतं. म्हणून यजमान खालची बाजू दाखवेल तेव्हा सांगाडा सरळ आहे का, कुठे बारीक रेघा आहेत का, वरचं कवच मधेच उचललेलं दिसतं का, ते बघा. शंका आली की सोडा, कितीही स्वस्त असलं तरी.

यजमानांची भाषाही समजून घ्यावी लागते. 'टेस्टेड' म्हणजे वीज दिल्यावर हललं, एवढंच. 'रनर' म्हणजे फेऱ्या मारतं, पण दिसायला कसंही असेल. 'अ‍ॅज इज' म्हणजे नंतर तक्रार नाही. 'न्यू ओल्ड स्टॉक' ऐकून लोक हुरळतात. माल न वापरलेला असतो खरा, पण वीस-तीस वर्षं पेटीत बसून आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. ते पुसून नवं हलकं तेल न लावता चालवलंत तर मोटर तापते. जुन्या गाड्यांच्या शोमध्ये सी-६, सी-८ असे आकडेही ऐकू येतात. अमेरिकेतल्या संग्राहकांच्या संघटनेची ती प्रतवारी आहे. सी-१० म्हणजे अगदी कोरा, सी-८ नव्यासारखा, सी-७ वर बारीक ओरखडे, सी-६ वर रंग थोडा उडालेला किंवा गंजाचे ठिपके. ती प्रतवारी दिसण्याची आहे, चालण्याची नाही. पेटीची प्रत तर वेगळीच सांगतात, आणि आपल्याला चालवायची असेल तर पेटीसाठी एक डॉलरही जास्त देऊ नये असं माझं मत आहे.

आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. एक, आत डीसीसी डिकोडर, म्हणजे रुळातून आलेले डिजिटल हुकूम वाचून इंजिन चालवणारी चकती, आहे का. तुम्ही साध्या डीसी कंट्रोलरने सुरुवात करणार असाल तर डिकोडरवालं, आवाज असलेलं इंजिन बऱ्याचदा चालेल, पण जास्त व्होल्टेजला सुटेल आणि हळू चालणार नाही. दोन, डबे एकमेकांना अडकवणारी जोडणी कोणती. अमेरिकन नव्या डब्यांना मुठीसारखी 'नकल' (knuckle) जोडणी असते, जुन्यांना शिंगासारखी हुक, आणि ब्रिटिश डब्यांना तिसरीच. या एकमेकींत अडकत नाहीत. बदलता येतात, पण प्रत्येक डब्यामागे खर्च आणि एक संध्याकाळ जाते.

आता पैशाचं, कारण इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. शोमधला आकडा हा तुमच्या दारातला आकडा नव्हे. मॉडेल गाड्या सीमाशुल्काच्या यादीत ९५०३ या क्रमांकाखाली, खेळण्यांसोबत येतात. त्या क्रमांकात लहान प्रमाणातल्या मॉडेलांचा उल्लेखच आहे. २०२० च्या अर्थसंकल्पात त्यावरचं मूळ शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. स्वतःच्या वापरासाठी मागवलेल्या पार्सलला ९८०४ हा वेगळा क्रमांकही लागू शकतो आणि त्याचा दर वेगळा. माझ्या पार्सलांना दोन्ही लागलेले आहेत. दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून खरेदीच्या आठवड्यात चालू दर बघूनच गणित मांडा. शुल्क फक्त वस्तूच्या किमतीवर नसतं, वाहतूकही त्यात धरली जाते.

एक उदाहरण घेऊ. सोयीसाठी धरा की शुल्क आणि कर मिळून निम्मी भर पडली आणि बँकेने परकीय चलनाचे तीन टक्के घेतले. ४५ डॉलरचं इंजिन, ३२ डॉलर टपालखर्च, मिळून ७७. निम्मी भर आणि बँकेचे धरून ते ११८ च्या आसपास पोचतं. आता १२ डॉलरची एक वाघीण एकटी मागवली, टपाल २२, तर ती ५२ ला पडते. पण तशा चार वाघिणी त्याच इंजिनाच्या खोक्यात आल्या आणि टपाल ४६ झालं, तर सगळं मिळून २१३ च्या आसपास. म्हणजे वाघीण २४ ला एक. म्हणून दुकान माल साठवून ठेवून महिन्या-दोन महिन्यांनी एकत्र पाठवतं का, हा माझा पहिला प्रश्न असतो. जे दुकान साठवत नाही त्याच्याकडून मी एखादा अगदी हवा असलेला नग सोडला तर काही घेत नाही. खोक्याच्या आकाराकडेही लक्ष द्या. कुरियरवाले बऱ्याचदा लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि तेवढे किलो धरतात. ४० बाय ३० बाय २० चं खोकं दोन किलोचं असलं तरी ४.८ किलोचे पैसे पडतात. पोकळ पेट्या सपाट करून पाठवायला सांगितलं तर कितीतरी वाचतं.

दुकानदार चांगुलपणाने विचारतील, पार्सलवर 'गिफ्ट' लिहू का? नाही म्हणा. २०१९ च्या डिसेंबरपासून शुल्क न भरता भेट म्हणून वस्तू आयात करायला बंदी आहे, राखी आणि जीवरक्षक औषधांसारखे अपवाद सोडून. किंमत कमी लिहायलाही सांगू नका. ते खोटं आहे, आणि पार्सल हरवलं तर भरपाई त्या खोट्या किमतीचीच मिळेल. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह सक्तीचं झालं आहे. तो नियम १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे, आणि बहुतेक मॉडेल गाड्यांच्या पेटीवर '१४ वर्षांवरील' असं छापलेलं असतं. तरी एकदा माझं पार्सल याच मुद्द्यावर अडलं होतं. पेटीचे फोटो आणि हे प्रौढांच्या संग्रहाचं मॉडेल आहे असं पत्र दिल्यावर सुटलं, पण पाच आठवडे गेले. तेव्हापासून पावतीवर 'स्केल मॉडेल' आणि वयाची मर्यादा लिहायला मी आधीच सांगतो. असं प्रत्येकाचं सुटेलच अशी खात्री मी देऊ शकत नाही, म्हणून पहिलं पार्सल लहान ठेवा. टपालाने आलं तर शुल्काची रक्कम पोस्टात किंवा पोस्टमनला देऊन पार्सल घ्यायचं असतं. कुरियरने आलं तर आधी ओळखपत्र मागतात. दापोलीसारख्या ठिकाणी मला टपालच बरं वाटतं.

एवढ्यावरून माझा सल्ला तुमच्या लक्षात आलाच असेल, तरी मोघम राहू नये म्हणून लिहितो. लाइव्ह सेलमधून पहिलं इंजिन घेऊ नका, पहिल्या वाघिणी घ्या. वाघिणीत मोटर नाही, दातेरी चाकं नाहीत, बिघडलंच तर चाकं आणि जोडणी बदलून ती उभी राहते. सगळं फसलं तरी साइडिंगवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी करायला शोभते. इंजिन, रूळ आणि कंट्रोलर इथल्याच हॉबी दुकानातून, वॉरंटीसकट घ्या, दोन पैसे जास्त पडले तरी. वर्षभर ते चालवलंत, उघडून तेल घातलंत, की जुनं इंजिन स्क्रीनवर बघताना तुमची नजर आपोआप खाली, चाकांकडे जाईल. तेव्हा घ्या. सुरुवातीचे पूर्ण सेट शोमध्ये स्वस्त दिसतात, पण त्यांतला ट्रान्सफॉर्मर अमेरिकेच्या १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो लावू नका. माझ्याकडे असे जळालेले तीन पडले आहेत, आणि एकाने तर टेबलाचा पृष्ठभागही जाळला होता. मुलगा जवळ असताना हे व्हायला नको.

रुळांबद्दल एकच सांगतो, पण ते कोकणासाठी महत्त्वाचं. निकेल सिल्व्हरचे रूळ घ्या. पोलादी रूळ स्वस्त असतात आणि शोमध्ये ढिगाने येतात. खाऱ्या हवेत पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्यावर तांबेरा चढतो आणि इंजिन धक्के खात चालतं. काही कंपन्यांच्या तयार बैठकीच्या रुळांत काळी बैठक म्हणजे पोलाद आणि राखाडी म्हणजे निकेल सिल्व्हर, हे स्क्रीनवरही ओळखता येतं.

पार्सल आल्यावर जुना फोम त्याच दिवशी काढून टाका. तो विरघळून रंगाला चिकटतो. गाड्या झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा आणि पुड्या जूनच्या आधी तापवून कोरड्या करा. पुठ्ठ्याच्या मूळ पेट्यांना श्रावणापर्यंत बुरशी येतेच, त्या वेगळ्या ठेवा. डांबरगोळ्या टाकू नका, त्यांच्या वाफेने प्लास्टिकची कवचं मऊ पडतात. माळ्यावर कौलं असतील तर दुपारची उष्णताही बघा, रूळ प्रसरण पावून वाकतात. जोडांत पोस्टकार्डाच्या जाडीची फट सोडलीत तर निभतं. २०२१ च्या जुलैत चिपळुणात पाणी भरलं तेव्हा माझी दुकानातली अवजारं गेली, पण गाड्या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. माळा निवडलात ते बरंच केलंत.

शेवटी मुलाचं. तुम्ही लिहिलंय दोघांनी मिळून करायचं आहे, आणि मला ते वाचून फार बरं वाटलं. दापोलीत रेल्वे नाही, त्याला गाडी बघायला खेडला न्यावं लागतं, म्हणजे माळ्यावरची गाडी त्याच्यासाठी मोठीच गोष्ट असणार. पण १:८७ च्या इंजिनाची कठड्याची तार सात वर्षांच्या बोटांत मोडतेच, आणि मोडली की तुम्ही ओरडाल. त्याला शोच्या पहाटे उठवू नका. त्याला वाघिणींची यादी करायला द्या: कोळशाची, तेलाची टाकी, झाकलेली, सपाट. यादीत चार नावं असू देत. तुमच्या कागदावर त्याच्या अक्षरातली ती चार नावं असली की पाचवी वाघीण घ्यायला तुमचा हात उचलणार नाही, आणि पार्सल उघडताना आपण मागवलेलं आलं हे त्यालाही कळेल.

माळ्याची लांबी-रुंदी आणि तुळई किती खाली येते ते लिहा. वळण किती इंचाचं बसेल ते मी आखून देतो. आणि पहिल्या वाघिणी आल्या की खेडहून गाडीत बसून दोघं चिपळूणला या. माझ्या रुळांवर चालवून बघू. चाकांमधलं अंतर मोजायचं माप माझ्याकडे आहे, एखादी धुरी सरकलेली असेल तर तिथल्या तिथे सरळ करून देईन.